मेकॅनिकल आणि कंट्रोल दोघांनी एकच पीएनआयडी कसा वापरायचा? पीडीएफ पाठवून पाठवून थकलोय

स्किडवाला_रबाळे

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, चहा घेऊन वाचा.

मी रबाळे एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत मेकॅनिकल डिझाइनला आहे. आम्ही स्किड बनवतो, म्हणजे एका फ्रेमवर टँक, पंप, पाईप बसवलेलं तयार युनिट, सीआयपी (न उघडता आतून धुणारं), डोसिंग, हॉट वॉटर लूप वगैरे, गिऱ्हाईक बहुतेक फार्मा नाहीतर फूडवाले. पीएनआयडी, म्हणजे टँक, पाईप आणि इन्स्ट्रुमेंट कसे जोडलेत ते दाखवणारं ड्रॉइंग, आमच्याकडेच बनतो, साध्या ऑटोकॅडमध्ये, जुन्या जॉबची फाईल उचलायची, सेव्ह ॲज करायचं आणि खोडत बसायचं. पॅनल आणि पीएलसीचं (स्किड चालवणाऱ्या कंट्रोलरचं) काम बाहेर जातं, वागळे इस्टेटमधल्या एका पॅनलवाल्याकडे. आम्ही पीडीएफ पाठवतो, ते त्यावरून आयओ लिस्ट (पीएलसीत येणाऱ्या-जाणाऱ्या सिग्नलची यादी) हाताने टाइप करतात, मग ईप्लॅन या इलेक्ट्रिकल सॉफ्टवेअरमध्ये स्वतःची ड्रॉइंग काढतात, आणि त्यानंतर आमच्याकडे काही बदललं की मेल जातो "प्लीज फाइंड अटॅच्ड रिवाइज्ड", आणि तो मेल नक्की कोणी उघडला हे देवालाच माहीत.

गेल्या महिन्यात फॅटला, म्हणजे माल जाण्याआधी गिऱ्हाईकासमोर होणाऱ्या चाचणीला, नाक कापलं गेलं. गिऱ्हाईकाने मधेच टँकला नुसता चालू-बंद सांगणाऱ्या लेव्हल स्विचच्या जागी सतत पातळी सांगणारा ट्रान्समीटर मागितला, आम्ही रेव्ह ३ (रिव्हिजन ३) मध्ये बबल, म्हणजे इन्स्ट्रुमेंटचा गोल, बदलला, पॅनल रेव्ह २ वर बनून आलं. डिजिटल इनपुटला वायर ओढलेली आणि ॲनालॉग कार्डवर एक चॅनल शिल्लक नाही. नवीन कार्ड यायला तीन आठवडे, स्किड शेडमध्ये ताडपत्री टाकून उभा. आमचे साहेब म्हणतात पॅनलवाल्याची चूक, पॅनलवाला म्हणतो तुम्ही बदल कुठे दाखवलात, आणि खरं सांगायचं तर आम्ही त्यावर क्लाऊड, म्हणजे बदललेल्या जागेभोवतीची ढगासारखी रेघ, टाकलाच नव्हता.

तर विचारायचं हे की तुम्ही लोक हे कसं करता. एडिट होणारी डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची मूळ फाईल) त्यांना द्यायची का? साहेबांना भीती की ते आमच्या ड्रॉइंगमध्ये हात घालतील. टॅग नंबर (प्रत्येक इन्स्ट्रुमेंटचा ओळख नंबर) कोणी द्यायचे, आम्ही की त्यांनी? आणि यासाठी एखादं सॉफ्टवेअर आहे का जे आमच्यासारख्या बारा माणसांच्या कंपनीला झेपेल, कारण मोठ्या सॉफ्टवेअरचं कोटेशन एकदा मागवलं होतं, ते बघून साहेब दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

---

चार_ते_वीस

तुमचा पॅनलवाला मी नाही, पण असू शकलो असतो, मीपण वागळेलाच आहे 😄

आमची बाजू सांगतो. तुम्हाला वाटतं पीएनआयडी दिला म्हणजे सगळं दिलं. इथेच घोडं पेंड खातं. तुमच्या ड्रॉइंगवर पंप म्हणजे एक गोल आणि त्याच्या पोटात त्रिकोण. माझ्यासाठी तोच पंप व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) असेल तर स्टार्ट कमांड एक, रन फीडबॅक एक, ट्रिप एक, लोकल-रिमोट एक, स्पीड रेफरन्सचा ॲनालॉग आउटपुट एक, प्रत्यक्ष स्पीड परत हवा असेल तर ॲनालॉग इनपुट एक, म्हणजे सहा सिग्नल झाले. आणि व्हीएफडी प्रोफिनेट नेटवर्कवर असेल तर हे सहाही गायब आणि एक केबल. यातलं तुमच्या चित्रात काय दिसतं? काहीच नाही, आणि दिसायलाही नको, नाहीतर ड्रॉइंग वाचता येणार नाही. ऑन-ऑफ व्हॉल्व्हचं तेच, तुम्ही एक चिन्ह काढता, मला एक आउटपुट आणि ओपन-क्लोज लिमिट स्विचचे दोन इनपुट मोजावे लागतात, पण लिमिट स्विच आहेत की नाहीत हे तुमच्या व्हॉल्व्हच्या परचेस ऑर्डरमध्ये लपलेलं असतं, ती मला कोण दाखवतो?

म्हणून मला चित्राइतकीच एक्सेल लागते. एका ओळीत एक टॅग, सर्व्हिस काय, सिग्नल कुठला, ४-२० मिलीॲम्प की २४ व्होल्ट डीसी की आरटीडी (तापमानाचा सेन्सर), रेंज किती, हवा गेली तर व्हॉल्व्ह कुठे जाणार, आणि कुठल्या रेव्हला बदलला. एवढं मिळालं तर चित्र मी नुसतं समजून घ्यायला बघेन, त्यावरून मोजदाद करणार नाही. कार्डं मागवताना २० टक्के स्पेअर पकडायचंही ठरवा, तुमचं तीन आठवड्यांचं रामायण तिथेच टळलं असतं.

आणि एक हात जोडून विनंती, व्हॉट्सॲपवर पीएनआयडीचा फोटो पाठवू नका. ए-वन शीटचा फोटो कंप्रेस होऊन येतो, एलटी-१०५ (एलटी म्हणजे लेव्हल ट्रान्समीटर) आहे की १०६ हे मी भिंग घेऊन बघतो.

---

ऐरोलीची_इन्स्ट्रु

मी ऐरोलीत एका प्रोजेक्ट कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशनला आहे, आमच्याकडे मोठं सॉफ्टवेअर आहे, पण आधीची सात वर्षं तुमच्यासारख्याच छोट्या जागी काढलीत म्हणून सांगते, तुमच्या साध्या ऑटोकॅडमध्येच यातलं बरंच होतं, पैसा न घालता.

तुमचे इन्स्ट्रुमेंटचे गोल आत्ता बहुतेक नुसतं सर्कल आणि वर टेक्स्ट असे असतील. ते सगळे एका ब्लॉकमध्ये आणा आणि ब्लॉकला ॲट्रिब्यूट (माहितीचे खाने) द्या. टॅग दिसणारा ठेवा, बाकी सर्व्हिस, सिग्नल, रेंज, फेल पोझिशन, रेव्ह हे सगळे इनव्हिजिबल, म्हणजे प्रिंटवर गर्दी होत नाही पण माहिती ड्रॉइंगच्या पोटात बसते. मग एक्स्प्रेस टूल्समधली एटीटीआउट कमांड द्यायची, सगळे टॅग टेक्स्ट फाईलमध्ये बाहेर येतात, ती एक्सेलमध्ये उघडायची. पॅनलवाला त्यात त्याचे कॉलम भरून देईल, तुम्ही एटीटीइनने परत आत घ्या, ड्रॉइंग आपोआप भरलं.

दोन ठिकाणी हात भाजतात, ते आधीच सांगून ठेवते. त्या फाईलच्या पहिल्या कॉलममध्ये हँडल असतो, म्हणजे त्या ब्लॉकचा ऑटोकॅडमधला आतला नंबर, आधी अपॉस्ट्रॉफी लागलेला. त्या कॉलमला कोणीही हात लावायचा नाही आणि सेव्ह करताना टॅबवालं टेक्स्टच ठेवायचं, नाहीतर परत आत घेताना एकाचा डेटा दुसऱ्याला किंवा काहीच नाही. आणि कोणीतरी हमखास ब्लॉक एक्स्प्लोड करतो, कारण त्याला गोल थोडासा डावीकडे हवा असतो! एक्स्प्लोड केलं की भरलेली माहिती जाते आणि नुसती ॲट्रिब्यूटची नावं उरतात. आमच्याकडे एका मुलाने असे चाळीस फोडले होते, त्याचं नाव सांगत नाही, तो आता मॅनेजर आहे.

ऑटोकॅड एलटी (ऑटोकॅडची छोटी आवृत्ती) असेल तर आधी काय काय चालतं ते तपासा, माहिती बाहेर काढणारी डेटाएक्स्ट्रॅक्शन ही कमांड एलटीत नाही.

एक्सरेफचा पर्यायपण लोक सांगतील, की मेकॅनिकलची फाईल खाली आणि कंट्रोलवाल्याची स्वतःची फाईल वर, म्हणजे कोणी कोणाच्या ड्रॉइंगमध्ये हात घालत नाही. तुमच्या साहेबांना ऐकायला आवडेल. पण मेकॅनिकलवाल्याने टँक दोन इंच सरकवला की वरचे बबल हवेत लटकतात, आणि ते कोणाला कळत नाही कारण प्रत्येक जण आपापली फाईल बघतो. मी करून बघितलंय, नको.

---

ट्रेसिंगपेपर_काका

वाचून मजा वाटली. मी निवृत्त होऊन झाली काही वर्षं, बेलापूरला राहतो. आमच्या वेळी हे भांडण ट्रेसिंग पेपरवर व्हायचं, ब्लेडने खरवडून टॅग बदलायचो, आणि तरी फॅटला हेच व्हायचं. तेव्हा सॉफ्टवेअरने हा आजार जात नाही हे आधी मनाशी धरा.

स्किडवाला, तुम्ही विचारलंत टॅग कोणी द्यायचे. माझं मत सरळ आहे. लाईन, इक्विपमेंट, हाताने चालवायचे व्हॉल्व्ह, यांचे नंबर मेकॅनिकल किंवा प्रोसेसने द्यायचे. ज्याला वायर जाते त्याचा नंबर इन्स्ट्रुमेंटवाल्याने द्यायचा. कंट्रोल व्हॉल्व्ह दोघांचा, बॉडी तुमची आणि ॲक्ट्युएटर (व्हॉल्व्ह हलवणारा भाग) त्यांचा, म्हणून तिथे भांडण होतं, तर त्याचा नंबर इन्स्ट्रुमेंटवाल्यालाच द्या आणि विषय संपवा. पण नंबर कोणीही देवो, दिलेला नंबर परत वापरायचा नाही. एलएस-१०२ (लेव्हल स्विच) काढून टाकला तर १०२ मेला, त्याच नंबरावर नवीन एलटी-१०२ जन्माला घातलात तर रेव्ह २ वाला माणूस म्हणणार की १०२ आहे की माझ्याकडे, आणि मला वाटतं तुमच्याकडे हेच झालं असणार.

टॅगमधल्या अक्षरांचं शास्त्र आयएसए या अमेरिकेतल्या संस्थेचं आहे, ५.१ हे स्टँडर्ड, मूळ १९४९ सालचं, मग १९८४ ला आणि २००९ ला मोठे बदल झाले. पहिलं अक्षर काय मोजतोय ते, पुढची अक्षरं त्याचं काय करतोय ते. गोलात रेघ नसेल तर इन्स्ट्रुमेंट फील्डवर, आडवी एक रेघ असेल तर कंट्रोल रूमच्या पॅनलवर समोर, तुटक रेघ म्हणजे पॅनलच्या मागे, दोन रेघा म्हणजे लोकल पॅनल. मेकॅनिकलची पोरं सगळे गोल रिकामे काढतात, कारण कॉपी पेस्ट. आता ती रेघ पॅनलवाल्यासाठी जेवणाच्या ताटातल्या मिठाइतकी महत्त्वाची आहे, प्रेशर गेज पाईपवर आहे की पॅनलच्या दारावर हे तिच्यावरून ठरतं.

गिऱ्हाईक युरोपातलं असेल तर मात्र जपून. तिथे आयईसी ६२४२४ हे स्टँडर्ड चालतं, २००८ साली आलं, २०१६ ला दुसरी आवृत्ती निघाली, आणि त्याचा विषय हाच तुमचा आहे बरं का, पीएनआयडीमधली कंट्रोलची मागणी कंट्रोलच्या सॉफ्टवेअरकडे एक्सएमएल फाईलमधून कशी पाठवायची. त्यात कंट्रोल व्हॉल्व्हला वाय अक्षर आहे. आयएसएत पहिलं अक्षर वाय आलं तर ते इव्हेंट किंवा स्टेट. एकच अक्षर, दोन धर्म. ड्रॉइंगच्या पहिल्या पानावर कुठलं स्टँडर्ड ते लिहा.

डेक्सपी नावाचं अजून एक प्रकरण आहे, आयएसओ १५९२६ वर उभं, एका सॉफ्टवेअरमधला पीएनआयडी दुसऱ्यात जावा म्हणून. मोठ्या प्लँटवाल्यांना त्याचा उपयोग. बारा माणसांच्या शेडला त्याची आत्ता गरज नाही, नाव माहीत असू द्या इतकंच.

---

घणसोली_फास्ट

सगळ्यांचं बरोबर आहे पण एका सीआयपी स्किडला टॅग किती हो, चाळीस? पन्नास? त्यासाठी ॲट्रिब्यूट, एक्सएमएल, १९४९… अहो प्रिंट काढा ए-थ्रीवर, पॅनलवाल्याला रबाळ्याला बोलवा, नाहीतर तुम्ही ठाण्याला जा, ट्रान्सहार्बरने काय लागतो तो वेळ, दोघं शेजारी बसा, दोन तास, दोन रंगाचे पेन. एक एक लाईन बोटाने चालत जायचं, टँकपासून पंप, पंपापासून हीटर, आणि प्रत्येक गोलाला विचारायचं की बाबा तू कुठे जातोस. दोन तासांत जे कळतं ते वीस मेलमध्ये कळत नाही. मी तर म्हणेन एकदा स्किडच्या शेजारी उभं राहूनच करा.

---

ट्रेसिंगपेपर_काका

घणसोली, हे आमच्याकडे व्हायचंच की. पिवळं करणं म्हणायचो. तपासलेल्या प्रत्येक रेघेवर पिवळा हायलायटर, चुकलं तिथे लाल पेन. जे पिवळं नाही ते बघितलेलंच नाही. दोन तासांचं बसणं हवंच, पण ते रेव्ह २ चं झालं, रेव्ह ३ ला परत बोलावणार का? तिथे काकूंसारखं प्रत्येक वेळी सगळं घर झाडायचं नसतं, बदललं तेवढंच दिसायला हवं. त्यासाठी क्लाऊड आणि त्यासाठीच यादी.

---

चार_ते_वीस

+१ काका. आणि यादी असली की मी काय करतो, तुमची नवी आणि माझी जुनी एक्सेल शेजारी ठेवून टॅगवर व्हीलुकअप मारतो, जो टॅग सापडला नाही तो नवीन किंवा मेलेला, जिथे सिग्नल जुळला नाही तिथे बदल, पाच मिनिटांत कळतं. फक्त एकाने "एलटी-१०१" आणि दुसऱ्याने डॅशऐवजी स्पेस दिला की एक्सेलच्या दृष्टीने ती दोन वेगळी माणसं! डॅश की स्पेस हे पहिल्या दिवशी ठरवा, हसू नका, यावर मी एक पूर्ण शनिवार घालवलाय.

---

स्किडवाला_रबाळे

बाप रे, एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. काकांचा अंदाज बरोबर निघाला, मी फाईल उघडून बघितली, आम्ही स्विच काढून त्याच नंबरावर ट्रान्समीटर टाकला होता, एलएसचं एलटी केलं, नंबर तोच. पॅनलवाल्याला दोष देत होतो एवढे दिवस. आपला तो बाब्या.

अजून एक विचारतो. त्याच जॉबमध्ये ड्रेन व्हॉल्व्हवरून पण वाद झाला होता. आम्ही व्हॉल्व्हखाली एफओ लिहिलं होतं, फेल ओपन या अर्थाने. साईटवर हवा बंद केली तर व्हॉल्व्ह बंदच राहिला. पॅनलवाला म्हणतो मी सोलेनॉइड (ॲक्ट्युएटरला हवा देणारा विजेवरचा छोटा व्हॉल्व्ह) बरोबर जोडलाय. कोणाचं चुकलं?

---

चार_ते_वीस

व्हॉल्व्ह कुठला आलाय ते बघितलंत का? सोलेनॉइडने यात सगळं ठरत नाही. ॲक्ट्युएटर स्प्रिंग रिटर्न असेल तर हवा गेल्यावर स्प्रिंग त्याला ढकलते, आणि स्प्रिंग उघडायच्या बाजूला आहे की बंद करायच्या, हे ॲक्ट्युएटर मागवताना ठरतं. डबल ॲक्टिंग असेल तर स्प्रिंगच नाही, हवा गेली की असेल तिथेच थांबेल, मग चित्रात एफओ लिहा नाहीतर गणपती काढा. माझा अंदाज डबल ॲक्टिंग आलाय, किंवा स्प्रिंगवाला आला तो बंद होणारा, स्टोअरमध्ये तोच पडलेला असतो.

आणि वीज गेली आणि हवा गेली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीज गेली तर सोलेनॉइडचं काय होतं ते बघायचं, हवा गेली तर ॲक्ट्युएटरचं. डबल ॲक्टिंगला सिंगल कॉइलचा ५/२ (पाच पोर्ट, दोन पोझिशन) सोलेनॉइड असेल तर वीज गेल्यावर सोलेनॉइडची स्प्रिंग त्याला घरी आणते आणि लाईनमध्ये हवा शिल्लक असेपर्यंत व्हॉल्व्ह एका बाजूला जातो. दोन कॉइलचा असेल तर आहे तिथेच. एका एफओमध्ये हे सगळं कसं मावणार, म्हणून एक्सेलमध्ये दोन कॉलम ठेवा, वीज गेल्यावर आणि हवा गेल्यावर.

तसंच हाय लेव्हल स्विचचं. आम्ही तो नॉर्मली क्लोज्ड जोडतो, टँक भरला की कॉन्टॅक्ट उघडतो, म्हणजे वायर तुटली तरी पीएलसीला टँक भरल्यासारखंच वाटतं आणि पंप थांबतो. उलटा जोडला तर वायर उंदराने कुरतडली तरी कोणाला कळत नाही आणि टँक वाहतो. पीएनआयडीवर हे कुठेच दिसत नाही.

---

ऐरोलीची_इन्स्ट्रु

एफओ वरून आठवलं, आयएसएच्या अक्षरांत एफओ म्हणजे फ्लो आणि ओरिफिस, रिस्ट्रिक्शन ओरिफिसलाही तोच टॅग बसतो. आणि एफसी म्हणजे फेल क्लोज पण आणि फ्लो कंट्रोलर पण. आमच्याकडे एका ज्युनियरने व्हॉल्व्हखालचं एफसी बघून आयओ लिस्टमध्ये फ्लो कंट्रोलर घातला होता, नंबर नव्हता तर स्वतःच दिला! तेव्हापासून आम्ही ओरिफिसला आरओ लिहितो आणि फेल पोझिशन बबलमध्ये कधीच नाही, व्हॉल्व्हच्या खाली छोट्या अक्षरात, आणि लेजंड शीटवर (चिन्हांच्या अर्थाच्या पानावर) त्याचा अर्थ.

चौकोनात डायमंडवालं चिन्हपण एकदा बोलून घ्या. १९८४ च्या आवृत्तीत ते पीएलसीसाठी होतं, २००९ च्या आवृत्तीत त्याचा अर्थ पर्यायी कंट्रोल सिस्टीम किंवा सेफ्टी सिस्टीम असा झाला. जुन्या जॉबची फाईल सेव्ह ॲज करता म्हणालात ना, तर तुमच्या ड्रॉइंगवर प्रत्येक इंटरलॉक डायमंडमध्ये असणार, आणि नव्या नजरेचा माणूस विचारणार की एवढ्या छोट्या स्किडला वेगळी सेफ्टी पीएलसी कशाला.

---

घणसोली_फास्ट

ओके मी शब्द मागे घेतो, चाळीस टॅगमध्येपण भरपूर मसाला आहे 🙏 पण दोन तास बसायचं सोडू नका.

---

स्किडवाला_रबाळे

नेमप्लेट बघून आलो. डबल ॲक्टिंग. परचेसने "स्वस्तात मिळाला" म्हणून बदलला होता, आम्हाला सांगितलंच नाही, म्हणजे मेकॅनिकल आणि कंट्रोल भांडत राहिले आणि तिसराच सुटला.

साहेबांशी बोललो. डीडब्ल्यूजी द्यायला अजून तयार नाहीत पण एटीटीआउटची यादी द्यायला हरकत नाही म्हणाले, तेवढ्यावर सुरुवात करतोय. परवा पॅनलवाल्याकडे जाणार आहे, ए-थ्री प्रिंट आणि पिवळा हायलायटर घेऊन. त्यांना फोन केला तर आधी विचारलं "काय झालं, अजून काही बदललं का?"

ऐरोलीताई, तुमच्याकडे ॲट्रिब्यूटवाला बबलचा ब्लॉक असेल तर टाकाल का इथे? कंपनीचा नको, जुना साधा कुठला तरी चालेल. आणि यादीत व्हॉल्व्हचा ॲक्ट्युएटर स्प्रिंग की डबल हा कॉलम मी वाढवलाय, त्याच्यापुढे "परचेसने सही करावी" असं लिहिलंय, बघू करतात का.

---

ऐरोलीची_इन्स्ट्रु

घरी गेल्यावर टाकते, माझ्या जुन्या लॅपटॉपवर आहे. त्यात रेंजचा ॲट्रिब्यूट एकच आहे, तुम्ही त्याचे तीन करा, शून्य कुठे, पूर्ण कुठे आणि युनिट वेगळं, नाहीतर कोणीतरी एकाच खान्यात "०-१५०० मिमी" लिहिणार आणि पॅनलवाल्याला स्केलिंग करताना ते परत हाताने तोडत बसावं लागणार.

---

चार_ते_वीस

युनिट वेगळं!! ताई तुम्हाला वागळेत कधीही चहा.